एक शब्द, चार कोड : सांगलीतल्या एका वार्षिक अहवालाचे प्रकरण

सांगलीतल्या एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल छापायचा होता. मजकूर चौसष्ट पानांचा. सभासद बहुतेक हळदीचे आणि बेदाण्याचे व्यापारी. शाखा मार्केट यार्ड, तासगाव आणि कऱ्हाड अशा तीन. सहकारी संस्थेचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्टअखेर अहवाल छापखान्यात गेलाच पाहिजे, अशी नेहमीची घाई होती.

मजकूर चार ठिकाणांहून आला. कार्यालयातल्या लिपिकाने वर्डमध्ये इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीने टाइप केलेली पाने, सचिवांनी फोनवरून पाठवलेले मनोगत, मागच्या वर्षीच्या अहवालातून उचललेले नियम आणि जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधून रूपांतर करून घेतलेली काही जुनी पाने. (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक कोड देणारे जागतिक मानक.) डीटीपी ऑपरेटरने हे सगळे व्हीएस कोड या टेक्स्ट एडिटरमध्ये एका साध्या फाइलीत जोडले. मजकूर आधी साध्या फाइलीत स्वच्छ करायचा आणि मगच पानांत ओतायचा, ही त्यांची पद्धत. ती बरोबरच आहे, कारण पानांची मांडणी झाल्यावर अक्षरे सुधारत बसणे म्हणजे दुप्पट काम.

शेवटच्या आठवड्यात संचालक मंडळाने एक शब्द बदलायला सांगितला. ‘व्यापाऱ्यांना’ जिथे असेल तिथे ‘व्यापारी सभासदांना’ करा. शोध-बदल चालवला, १९ जागी बदल झाला. प्रूफ हातात आल्यावर मात्र जुना शब्द आणखी अकरा ठिकाणी तसाच होता. त्यांतले आठ डोळ्यांना अगदी तंतोतंत ‘व्यापाऱ्यांना’ दिसत होते. उरलेले तीन ‘व्यापार्यांना’ असे, म्हणजे य वर रफार चढलेले.

पडद्यावर एक, फाइलीत वेगळे

अक्षरामागे काय दडले आहे ते पाहायला वर्डमधले ऑल्ट-एक्स सर्वांत सोपे. शब्द वर्डच्या कोऱ्या पानावर चिकटवायचा आणि शेवटापासून बॅकस्पेसने एकेक कोड मागे यायचे. डिलीट वापरू नये, कारण डिलीट अख्खे जोडाक्षर एकदम खाते आणि बॅकस्पेस एका वेळी एकच कोड काढते. ज्या अक्षराची शंका आहे त्याच्या लगेच उजवीकडे कर्सर आला की ऑल्ट धरून एक्स दाबायचे. अक्षराच्या जागी त्याचा कोड दिसतो. तेच पुन्हा दाबले की कोडचे अक्षर होते. लिब्रेऑफिसमध्येही हीच कळ चालते. (खालचे कोड देवनागरीत लिहिले आहेत; टाइप करताना आकडे आणि ए, बी, सी, डी ही अक्षरे इंग्रजी कळांनीच द्यायची.)

एकाच शब्दातल्या त्या आडव्या अर्ध्या र चे चार प्रकार निघाले.

लिपिकाच्या पानांत ऱ म्हणजे ०९३१ आणि त्यापुढे पाय मोडल्याची खूण ०९४डी. हेच योग्य रूप. भारतीय लिप्यांसाठीच्या १९९१ च्या इस्की मानकातही अर्धा र असाच घडवलेला होता आणि युनिकोडने तीच रीत ठेवली. मागच्या अहवालातल्या नियमांत साधा र ०९३०, पाय मोडल्याची खूण ०९४डी आणि त्यानंतर न दिसणारा जोडक (अक्षरे जोडण्याची अदृश्य खूण) २००डी, असे सहा वेळा. हे रूप युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून मान्य आहे. छपाईत ते नेमके दिसतेही. पण एडिटरच्या दृष्टीने तो वेगळा शब्द. रूपांतर केलेल्या पानांत दोन ठिकाणी र च्या खाली नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) ०९३सी लावून मग पाय मोडलेला. आणि मनोगतात तीन ठिकाणी साधा र, ०९४डी आणि लगेच य, म्हणजे सरळ रफार.

यातला नुक्त्याचा प्रकार त्यामानाने कमी त्रासाचा आहे, कारण ०९३१ चे विघटन युनिकोडमध्ये ०९३० आणि ०९३सी असेच ठरलेले आहे. मजकूर एकसंध करणाऱ्या प्रक्रियेत ते दोन्ही एकच होतात. जोडक असलेला प्रकार मात्र त्या प्रक्रियेतून गेला तरी वेगळाच राहतो. म्हणून ‘युनिकोड आहे ना, मग झाले’ एवढ्यावर थांबता येत नाही. कोणता कोड वापरायचा हे आधी ठरवावे लागते, आणि सगळ्यांच्या बोटांना तोच कोड सहज मिळेल अशी कळ नेमावी लागते.

अर्धचंद्राचा घोळ

शब्द तपासता तपासता दुसरे दुखणे हाती लागले. ‘ॲड.’, ‘ॲडव्हान्स’, ‘ॲप’ हे शब्द शोधात कधी सापडत, कधी नाही. सभासदांच्या यादीत ‘ॲड.’ लावलेली नावे दोन वेगळ्या गटांत लागली होती.

मराठी ॲ ला स्वतंत्र कोड आहे, ०९७२. तो युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीची टाइप करण्याची सवय अजून बोटांत आहे: अ टाइप करायचा आणि वर अर्धचंद्र ०९४५ द्यायचा. काही ठिकाणी या दोघांच्या मध्ये २००डी घातलेला असतो, कारण तसे केले की काही प्रोग्राममध्ये अर्धचंद्र नीट बसतो. तिसरा प्रकार ऍ, कोड ०९०डी. जुन्या इनस्क्रिप्ट मांडणीत शिफ्ट-१ वर हाच मिळतो. मराठीत आपण अ वरचा अर्धचंद्र लिहितो, त्यामुळे हे अक्षर मराठी अहवालात नकोच.

अ आणि अर्धचंद्र वेगळे असतील तर काही प्रोग्राम त्यांच्यामध्ये ठिपक्यांचे वर्तुळ दाखवतात. ते वर्तुळ फाइलीत नसते. ‘हे दोन कोड एकत्र येऊ नयेत’ असे अक्षरे जुळवणारे इंजिन त्यातून सांगत असते. ऑपरेटर ते वर्तुळ खोडायला जातात आणि ते खोडले जात नाही. त्याचे कारण हेच.

कळा कशा नेमल्या

इनस्क्रिप्टवर ऱ साठी वेगळी कळ शोधायचीच गरज नाही. र ‘जे’ या कळीवर आहे आणि शिफ्ट-जे म्हणजे ऱ. ‘व्यापाऱ्यांना’ मधला अवघड भाग असा: शिफ्ट-जे, मग डी (पाय मोडल्याची खूण), मग प्रश्नचिन्हाच्या कळीवर शिफ्ट न धरता य, मग ई वर काना, एक्स वर अनुस्वार. घोटाळा होतो तो शिफ्ट सुटल्यामुळे. साधा जे, डी आणि य दिला की रफार येतो. मग तो घालवायला कोणीतरी शिकवलेला जोडक मध्ये टाकला जातो. एकदा शिफ्ट-जे ची सवय झाली की जोडकाची गरजच उरत नाही.

ॲ साठी मात्र कळ नेमावी लागली. वर्डमध्ये इन्सर्ट, सिम्बॉल, मोअर सिम्बॉल्स असे जायचे. फॉन्ट निर्मला यूआय निवडायचा, खालच्या कोडच्या चौकटीत ०९७२ द्यायचे आणि शेजारी ‘युनिकोड हेक्स’ आहे ना ते पाहायचे. मग शॉर्टकट की, आणि ऑल्ट-के दाबून ‘असाइन’. दाबल्यावर ती कळ आधीच कशाला बांधली आहे का ते तिथेच दिसते. ती मोकळी असल्याची खात्री करूनच पुढे जायचे. ज्यांना शिफ्ट-जे जमत नाही त्यांच्यासाठी ऱ ला ऑल्ट-जे दिले. जे वरच ऱ असल्यामुळे लक्षात ठेवायला सोपे.

कळ निवडताना दोन जोड्या टाळाव्या लागतात. कंट्रोल-ऑल्ट ही जोडी विंडोज उजव्या ऑल्टसारखी धरते, त्यामुळे कीबोर्डच्या मांडणीतल्या अक्षरांशी टक्कर होते. शिवाय वर्डमध्ये कंट्रोल-ऑल्ट-आर आणि कंट्रोल-ऑल्ट-सी आधीच नोंदणी आणि कॉपीराइटच्या चिन्हांना बांधलेले आहेत. डावीकडचे ऑल्ट-शिफ्ट म्हणजे तर भाषा बदलण्याचीच कळ. त्यावर अक्षर बांधले तर मध्येच कीबोर्ड इंग्रजी होतो आणि पुढची ओळ रोमन अक्षरांत उमटते.

वर्डच्या या कळा नॉर्मल टेम्प्लेटमध्ये राहतात. म्हणजे त्या त्या संगणकापुरत्याच. कार्यालयातल्या प्रत्येक संगणकावर त्या एकेकदा नेमाव्या लागल्या, फाइलीबरोबर त्या जात नाहीत.

ऑटोकरेक्टचा सोपा वाटणारा मार्ग इथे कामाचा नाही. ‘अॅ’ लिहिले की ‘ॲ’ व्हावे अशी नोंद केली तरी ऑटोकरेक्ट पूर्ण शब्दावर, म्हणजे पुढे जागा किंवा विरामचिन्ह आल्यावर चालते. ‘ॲडव्हान्स’ मध्ये त्या अक्षरापुढे लगेच ड येतो, त्यामुळे नोंद कधी लागूच होत नाही.

व्हीएस कोडमध्ये कीबोर्ड शॉर्टकटची जेसन फाइल (साध्या मजकुरातली सेटिंगची फाइल) उघडून तिच्यात दोन नोंदी केल्या: कळ ऑल्ट-जे, आज्ञा ‘टाइप’, मजकूर ऱ, तसेच ऑल्ट-के साठी ॲ. मजकूर बॅकस्लॅश, यू आणि चार अंकी कोड अशा रूपात दिला की वाचणाऱ्याला नेमके कोणते अक्षर आहे हे दिसते. ऱ बरोबर पाय मोडल्याची खूणही एकाच कळीत देता आली असती. ती मुद्दाम दिली नाही. वर्डमध्ये एका कळीला एकच चिन्ह बसते, आणि दोन प्रोग्राममध्ये बोटांना दोन सवयी लावल्या की चुका वाढतात. ऑल्ट-झेड सुरुवातीला सोयीचे वाटले होते, पण व्हीएस कोडमध्ये ती ओळी मोडून दाखवण्याची कळ आहे, म्हणून वगळले.

कार्यालयातल्या एका संगणकावर विंडोजऐवजी उबंटू (लिनक्स) आहे. तिथे कंट्रोल-शिफ्ट-यू दाबून कोड आणि मग स्पेस, एवढेच. फक्त आधी इंग्रजी मांडणीवर यावे लागते. मराठी मांडणीत आकड्यांच्या आणि अक्षरांच्या कळा देवनागरी देतात आणि कोड तयारच होत नाही. हीच अडचण वर्डच्या ऑल्ट-एक्सला येते: ०९७२ देवनागरी आकड्यांत टाइप केले तर ऑल्ट-एक्स ते ओळखत नाही. विंडोज-स्पेसने इंग्रजीवर जायचे, कोड द्यायचा, परत यायचे.

रुपयाचे चिन्ह

₹ हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षी ते युनिकोडच्या ६.० आवृत्तीत २०बी९ या कोडवर आले. मधल्या काळात लोकांनी एक फॉन्ट वापरला, ज्यात १ च्या डावीकडच्या कळीवरचे उलटे स्वल्पचिन्ह रुपयासारखे दिसे. त्या काळच्या पानांतून उचललेल्या मजकुरात म्हणूनच ‘`५,००,०००’ असे दिसत होते. फॉन्ट गेला आणि खालचे मूळ चिन्ह उघडे पडले.

लिपिकाने नोटपॅडमध्ये ऑल्ट धरून अंकपट्टीवर ८३७७ दिले, कारण २०बी९ चे दशमान रूप तेच. उमटली दुहेरी रेघांची ╣ अशी चौकटीची खूण. जुने नोटपॅड अशा आकड्याला २५६ ने भागून बाकी घेते. ८३७७ ची बाकी १८५, आणि १८५ या जागी जुन्या डॉस अक्षरसंचात ही रेघ आहे. वर्डमध्ये तोच आकडा बरोबर ₹ देतो. पण यातले काहीच पाठ करायची गरज नाही. विंडोजमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ कीबोर्ड जोडला की उजवा ऑल्ट आणि ४ ही जोडी ₹ देते. अमेरिकी इंग्रजी मांडणीवर ती चालत नाही, आणि बहुतेक संगणकांवर तीच मांडणी चालू असते. या प्रकरणात कार्यालयातल्या सगळ्या संगणकांवर भारतीय मांडणी जोडून अमेरिकी काढून टाकली.

ऑल्ट-एक्सचा आणखी एक सापळा आवकेच्या तक्त्यात सापडला. इंग्रजी २ लिहून त्याला चिकटून अर्ध्याचे चिन्ह हवे होते. ००बीडी दिले, ऑल्ट-एक्स दाबले आणि चिनी अक्षर उमटले. वर्डने मागचा २ सुद्धा कोडात धरला आणि २००बीडी हा कोड वाचला. तो चिनी चित्राक्षरांच्या विस्तारात पडतो. अशा वेळी शेवटची चारच अक्षरे निवडून मग ऑल्ट-एक्स दाबावे.

साफसफाईचा क्रम आणि ‘मर्यादित’

फाइलीची प्रत काढून ठेवली. मग व्हीएस कोडच्या शोधात रेजेक्स (नमुना देऊन शोधण्याची सोय) चालू करून क्रमाने बदल केले. पहिले अ, २००डी, ०९४५ या तिघांचा ॲ केला. मग मधला जोडक नसलेल्या जोडीचा. मग ऍ चा. हा क्रम महत्त्वाचा, कारण नंतर जोडकांना हात लावायचा होता. पुढे र आणि नुक्त्याचा ऱ. त्यानंतर र, ०९४डी, २००डी या तिघांच्या पुढे य किंवा ह असेल तिथेच त्यांचा ऱ् केला. सगळे जोडक सरसकट पुसून टाकायचे नाहीत. जोडाक्षर मुद्दाम सुटे दाखवायलाही ते वापरलेले असतात.

शोधाच्या चौकटीत बॅकस्लॅश-यू आणि कोड चालतो. बदलाच्या चौकटीत चालत नाही. तिथे बॅकस्लॅश-यू ला मोठ्या लिपीचा वेगळा अर्थ आहे, आणि अक्षराऐवजी ०९३१ हे आकडेच मजकुरात उतरतात. बदलाच्या चौकटीत खरे अक्षर टाकावे लागते. ऑल्ट-जे तिथे उपयोगी पडत नाही, कारण ती कळ फक्त मजकुरात कर्सर असताना लागू केलेली आहे. इनस्क्रिप्टने टाइप करावे किंवा चिकटवावे.

उरले ते रफाराचे. इथे सगळे बदला असे कधीही दाबू नये. र्य चे सरसकट ऱ्य केले तर मुखपृष्ठावरच्या संस्थेच्या नावातले ‘मर्यादित’ हे ‘मऱ्यादित’ होते. पर्यंत, पर्याय, कार्यालय, कार्यकारी, आचार्य हे सगळे रफाराचेच शब्द. म्हणून र, ०९४डी आणि य किंवा ह असा शोध लावून एकेक शब्द पाहिला. यादी छोटी करायला ‘कार्य’ असलेले शब्द वगळावेत असा विचार होतो. तो घातक आहे, कारण चुकीच्या ‘अधिकार्यांना’ आणि ‘सहकार्यांना’ यांतही ‘कार्य’ आहे, आणि नेमके तेच शोधायचे असतात. ‘कार्याल’ आणि ‘कार्यका’ एवढेच वगळले तर चालते.

निवडीचा नियम व्याकरणाचा आहे. ज्या शब्दाच्या शेवटी री किंवा रा आहे आणि प्रत्यय लागून तो ऱ्या झाला आहे, तिथे आडवा र: शेतकरी-शेतकऱ्यांना, कर्मचारी-कर्मचाऱ्यांचा, दुसरा-दुसऱ्या. मूळ शब्दातच र्य असेल तिथे रफार. सभेच्या खर्चात ‘आचार्यांचे बिल’ असे छापून आले असते तर स्वयंपाक करणाऱ्यांऐवजी गुरुजनांचे बिल लागले असते. ते ‘आचाऱ्यांचे’. ह पुढे असेल तर बहुतेक शब्द आडव्या र चे: गुऱ्हाळ, कुऱ्हाड, तऱ्हा. ‘अर्हता’ मात्र रफाराचा, आणि संचालकांच्या अर्हतेचा परिच्छेद अहवालात होताच. शाखेचे नाव तीन पानांवर ‘कर्हाड’ झाले होते. ते ‘कऱ्हाड’ केले.

एका प्रश्नाला मात्र कळ नाही. संचालकांपैकी एकाला ल आणि श मराठी वळणाचे हवे होते. ते वेगळे अक्षर नाही. दोन्ही वळणांचा कोड एकच, ल चा ०९३२ आणि श चा ०९३६. वळण फॉन्ट ठरवतो, आणि काही फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल तरच. त्यासाठी भाषा मराठी नोंदवली आणि ती सोय असलेला फॉन्ट निवडला.

छापखान्यात पाठवण्यापूर्वी अंतिम फाइलीवर पाच शोध लावले: र-०९४डी-२००डी, र-०९३सी, अ नंतर ०९४५ (मध्ये जोडक असो वा नसो), ०९०डी, आणि आकड्यापूर्वीचे उलटे स्वल्पचिन्ह. पाचही शून्य आले. ‘व्यापाऱ्यांना’ हा शब्दही शून्य वेळा सापडला आणि ‘व्यापारी सभासदांना’ तीस वेळा.

सभासद नोंदवहीतली नावे मात्र बदलली नाहीत. त्या प्रणालीत आडनावे जशी नोंदली आहेत तशीच पासबुकावर आणि कर्जाच्या कागदांवर जातात. तिथले कोड अहवालासाठी परस्पर बदलणे योग्य नव्हते. त्यामुळे काउंटरवर ‘कऱ्हाडकर’ शोधताना अजून दोनदा शोधावे लागते, एकदा शिफ्ट-जे ने आणि एकदा र, पाय मोडल्याची खूण आणि जोडकाने. पुढच्या ३१ मार्चनंतर, खाती बंद करून बॅकअप घेतल्यावर, नोंदवहीतही हाच क्रम लावायचा असे ठरले आहे.